१९०० च्या आसपासच्या टेरेस्ड घरावर डॉर्मर काढायचा आहे – सुरुवात कुठून करू?

थेम्सकाठी

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये रेडिंगला आमचं जुनं टेरेस्ड घर आहे, रांगेच्या मधोमध. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. खाली दोन खोल्या आणि मागे निघालेल्या भागात स्वयंपाकघर. वर दोन बेडरूम आणि बाथरूम. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. दरवर्षी एप्रिलमध्ये सांगलीहून आई-बाबा येतात आणि व्हिसाचे सहा महिने भरेपर्यंत राहतात. ते आले की मुलांची खोली त्यांना देतो आणि मुलं आमच्या खोलीत गादी टाकून झोपतात. मुलगी आता मोठी होतेय, हे आणखी फार वर्षं चालणार नाही.

वर लॉफ्टमध्ये सध्या पाण्याची जुनी टाकी, सुटकेसा आणि काचलोकर आहे. मधोमध, जुन्या तुळयांच्या वरच्या कडेपासून आढ्यापर्यंत टेप लावली तर २.४५ मीटर भरलं. मागच्या बाजूला डॉर्मर (उतरत्या छतातून बाहेर काढलेला, उभ्या भिंतीचा आणि खिडकीचा भाग) काढून एक बेडरूम आणि छोटी बाथरूम करायचा विचार आहे. एक बिल्डर येऊन गेला. शिडीवरून डोकं आत घालून दहा मिनिटं पाहिलं, "परवानगी लागत नाही, होऊन जाईल" म्हणाला आणि ६२ हजार पौंडांचा आकडा पाठवला. जिना कुठून जाणार हे त्याने विचारलं नाही, मलाही तेव्हा सुचलं नाही.

खरंच परवानगी लागत नाही का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, विशेषतः काय चुकलं ते.

ईस्टहॅमवासी

आम्ही सहा वर्षांपूर्वी केलं, अगदी तुमच्यासारख्याच घरावर. जरूर करा, घर बदलतं.

पण "परवानगी लागत नाही" हे अर्धंच खरं. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक प्लॅनिंग, म्हणजे बाहेरून घर कसं दिसणार. दुसरी बिल्डिंग रेग्युलेशन्स, म्हणजे आतलं बांधकाम सुरक्षित आहे की नाही. पहिल्यातून बऱ्याचदा सुटका मिळते, दुसऱ्यातून कधीच नाही.

इंग्लंडमध्ये टेरेस्ड घराला छताचं आकारमान ४० घनमीटरपर्यंत वाढवायची आपोआप मुभा आहे (एका बाजूने जोडलेल्या सेमीला आणि सुट्या डिटॅच्डला ५०). अटी: रस्त्याकडच्या पाख्यावर डॉर्मर नाही, आढ्यापेक्षा उंच नाही, दिसायला मूळ घराशी मिळतंजुळतं साहित्य, वळचणीपासून निदान २० सेंटिमीटर मागे, बाल्कनी नाही. आधीच्या मालकाने छत वाढवलं असेल तर तेही त्या ४० मध्ये धरतात. घर कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपण्यासाठी राखलेल्या भागात) असेल तर ही मुभा नाही. काउन्सिलने (इथली पालिका) आर्टिकल ४ हा आदेश लावून ती काढून घेतलेली असू शकते, तेही तपासा.

मुभा असली तरी काउन्सिलकडून लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, म्हणजे काम त्या मुभेत बसतं असा दाखला, घ्या. सक्तीचं नाही, पण उद्या घर विकताना समोरच्याचा सॉलिसिटर पहिलं तेच मागतो.

शंकासूर

हिशेब करून पाहिला. घराची रुंदी ४.५ धरली तर डॉर्मर ४.२ रुंद, २.३ उंच, ३.५ खोल. गुणाकार ३३.८ घनमीटर. म्हणजे ४० मधले सहाच उरले. मागच्या भागावरही एल आकाराचा डॉर्मर न्यायचं मनात असेल तर विसरा.

आढं_आणि_वासे

शंकासूर, तुम्ही खोका मोजलात. छत उतरतं आहे, त्यामुळे डॉर्मरची बाजू त्रिकोणी असते. गुणाकाराला दोनने भागा: जवळपास १७ घनमीटर. एल आकारालाही भरपूर जागा आहे.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. तुमच्या घरात घनमीटरची अडचण येणार नाही. अडचण येईल ती उंचीची.

आज तुम्हाला २.४५ दिसतंय. जुन्या तुळया फक्त खालचं प्लास्टर धरण्यासाठी टाकलेल्या असतात, बहुतेक चार बाय दोन इंची किंवा त्याहून बारीक. त्यांच्यावर खोली उभी राहत नाही. त्यांच्या मधून नव्या, सुमारे २०० मिलिमीटर उंच तुळया टाकाव्या लागतात, आणि त्या खालच्या प्लास्टरला टेकू नयेत म्हणून थोड्या उचललेल्या असतात. वर फळ्या. म्हणजे पाय टेकतील ती पातळी आजच्यापेक्षा सुमारे १४ सेंटिमीटर वर. आता वरून मोजा. डॉर्मरचं सपाट छत आढ्याच्या वर जाऊ शकत नाही. त्याच्या तुळया, त्यावर उष्णतारोधक फलक, फळी, खाली प्लास्टरबोर्ड मिळून ३० सेंटिमीटर गेले.

२.४५ वजा ०.१४ वजा ०.३०. हातात २.०१ मीटर.

खोलीच्या उंचीला नियमात किमान मर्यादा नाही, त्यामुळे बिल्डर "होऊन जाईल" म्हणाला ते खोटं नाही. पण २.०१ मध्ये सहा फुटी माणसाने हात वर केला की छताला लागतो. दिवा लटकवता येत नाही.

उपाय दोन. छतातली उष्णतारोधक व्यवस्था पातळ पण जास्त चांगल्या साहित्याची घेऊन दोन-चार सेंटिमीटर वाचवणं. किंवा वरच्या बेडरूमची छतं खाली आणणं. त्या काळच्या खोल्या उंच असतात, तिथे १५ सेंटिमीटर गेले तर कळतही नाही. पण मग सगळी जुनी लाकडी पट्ट्यांवरची चुन्याची छतं पाडावी लागतात, धूळ महिनाभर घर सोडत नाही आणि खर्च वाढतो. तुमच्या बेडरूमच्या छताची उंची किती आहे?

थेम्सकाठी

आत्ताच मोजली. २.६० मीटर. आणि एवढं समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. हे मला बिल्डरने सांगायला हवं होतं.

कोकणी_कौल

अवांतर लिहितोय, पण धाग्यात आढं, वासे, पाखं, वळचण हे शब्द वाचून राहवलं नाही. आमच्या कुडाळच्या घरात पोटमाळ्यावर वर्षाचं भात, गणपतीची मोठी पातेली आणि आजोबांची लाकडी पेटी असायची. माळ्यावर माणूस झोपत नसे, कारण मे महिन्यात कौलांखाली भट्टी होते. तुमचीही खोली छताखालीच आहे, तेव्हा उन्हाचं काय?

रानजाई

कोकणी_कौल, तुमचा प्रश्न अवांतर नाही! १९ जुलै २०२२ ला इंग्लंडात पारा पहिल्यांदा ४० अंशांपार गेला, तेव्हा आम्ही लॉफ्टमधून गाद्या उचलून बैठकीच्या खोलीत चार रात्री झोपलो. थंडीत ती खोली घरातली सगळ्यात उबदार, पण उन्हाळ्यात तितकीच त्रासदायक. दोन गोष्टी आधीच करायला हव्या होत्या. पुढच्या पाख्यातल्या खिडकीला बाहेरून पडदा. आतला पडदा लावेपर्यंत ऊन काचेतून आत आलेलं असतं. आणि पुढची व मागची खिडकी समोरासमोर, म्हणजे रात्री वारा आरपार जातो.

आमचं दुसरं दुखणं पावसाचं. छत उघडलं ऑक्टोबरमध्ये. बिल्डरने स्कॅफोल्डिंगवर तात्पुरतं पत्र्याचं छप्पर घ्यायला नको म्हटलं, पैसे वाचतील म्हणून, आणि आम्ही ऐकलं. नुसती ताडपत्री. शुक्रवारी रात्री वाऱ्याने एक कोपरा सुटला. पहाटे तीनला मुलाच्या खोलीचं छत प्लास्टरसकट पलंगाच्या बाजूला कोसळलं. तो माझ्याजवळ झोपला होता म्हणून वाचला. चार वर्षं झाली, तरी पाऊस जोरात आला की मी उठून त्याच्या खोलीत जाऊन येते. कृपा करून तात्पुरत्या छपरात काटकसर करू नका.

थेम्सकाठी

वाचूनच छातीत धस्स झालं. तात्पुरतं छप्पर हवंच, असं बिल्डरला लेखी कळवतो.

लेस्टरची_मावशी

मी आगीबद्दल लिहिते, कारण आमचे सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले आणि आधी कोणी बोललं नव्हतं.

दोन मजली घर तीन मजली झालं की वरच्या खोलीतून खिडकीतून उडी मारून सुटका होईल असं धरत नाहीत. त्या खोलीपासून थेट रस्त्याच्या दारापर्यंत जिन्याची वाट अर्धा तास आग रोखेल अशी बंदिस्त लागते. त्या वाटेवर उघडणाऱ्या सगळ्या खोल्यांची दारं आगरोधक. प्रत्येक मजल्यावर घरच्या विजेवर चालणारे, एकमेकांशी जोडलेले धुराचे अलार्म.

आमच्या घराचा जिना पुढच्या आणि मागच्या खोलीच्या मधून चढतो आणि खाली मागच्या खोलीतच उतरतो. वरून उतरणाऱ्याला बाहेर पडायला खोलीतूनच जावं लागतं. बिल्डिंग कंट्रोलचा, म्हणजे काम बिल्डिंग रेग्युलेशन्सप्रमाणे आहे ना हे तपासणारा, माणूस आला आणि हे चालणार नाही म्हणाला. शेवटी खाली भिंत उभारून जिन्यापासून पुढच्या दारापर्यंत बोळ काढला. बैठकीची खोली तीन फुटांनी अरुंद झाली. ज्याने नकाशा काढला त्याला हे माहीत असायला हवं होतं, आणि हे मला अजून खटकतं. काम निम्मं झाल्यावर कळलं तेव्हा आमच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता.

थेम्सकाठी, तुमचा जिना कुठे उतरतो?

थेम्सकाठी

मावशी, आमचा जिना पुढच्या दाराच्या बोळात उतरतो, सामाईक भिंतीला लागून. पण बैठकीच्या खोलीचं दार आधीच्या मालकाने काढून कमान केली आहे.

लेस्टरची_मावशी

मग वाचलात. कमान बुजवून दार लावा, बाकी वाट तयारच आहे.

शंकासूर

दोनने भागायचं विसरलो हे मान्य. पण आता दुसरी शंका. एवढी उठाठेव करण्यापेक्षा मोठं घर का घेत नाही?

ईस्टहॅमवासी

शंकासूर, साडेचार लाखांचं घर घेतलं तर सध्याच्या दराने साडेबारा हजार पौंड स्टँप ड्यूटीतच जातात. वर सॉलिसिटर, सामान हलवणं, मुलीची शाळा. शाळा जवळ असेल तर मी तरी हलणार नाही.

जाता जाता: ६२ हजारांत व्हॅट आहे का ते विचारा. अशा कामावर २० टक्के लागतो. नसेल धरला तर १२,४०० वर. आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्या, झालेल्या कामाइतकेच.

थेम्सकाठी

विचारलं. व्हॅट वेगळा!! आणि शाळा चालत पाच मिनिटांवर आहे, मुलगी हलायला तयार नाही.

आढं_आणि_वासे

आता जिना. छताची उंची २.६०, नव्या मजल्याची जाडी साधारण पाव मीटर. एका मजल्यावरून दुसऱ्यावर चढायचं अंतर २.८५ मीटर. पायरीची उंची जास्तीत जास्त २२० मिलिमीटर चालते, म्हणजे १३ चढ. पायरीची खोली कमीत कमी २२०. १३ चढांना पायऱ्या १२, शेवटचा चढ थेट मजल्यावर. बरेच जण १२ गुणिले २२० करून २.६४ मीटर लांबीचा जिना काढतात आणि इथेच फसतात. कारण तिसरी अट आहे: चढ ४२ अंशांपेक्षा तीव्र नको. उंची २१९ असेल तर खोली निदान २४३ लागते. लांबी झाली २.९२ मीटर. त्या २८ सेंटिमीटरांपायी मी घरमालकांना रडकुंडीला आलेलं पाहिलंय.

डोक्यावर जिन्यात २ मीटर मोकळी जागा हवी. लॉफ्टसाठी थोडी सूट आहे: मध्यभागी १.९ आणि उतरत्या बाजूला १.८ पर्यंत चालतं. तुमचा जिना दारापासून मागच्या दिशेने चढत असेल तर वरचा जिना त्याच्याच डोक्यावर, त्याच दिशेने न्या. मग तो मागे, डॉर्मरखाली निघतो. पण त्याची पहिली पायरी पुढच्या बेडरूमच्या बाजूला सुरू होईल आणि त्या खोलीची एक पट्टी जाईल.

आणि लोखंडी तुळया. आढ्याखाली एक, मजल्याखाली दोन तरी. त्या दोन्ही सामाईक भिंतींत टेकतात. म्हणून पार्टी वॉल, म्हणजे सामाईक भिंतीचा कायदा.

रानजाई

पार्टी वॉलचं आमच्याकडे मजेत पार पडलं. शेजारच्या आजोबांना आधी चहाला बोलावलं, चकल्या दिल्या, कागद नंतर दिला. त्यांनी वाचून लगेच सही केली आणि चकल्यांची कृती मागितली.

आढं_आणि_वासे

चकल्या उत्तमच, पण कागद लेखीच हवा. १९९६ चा कायदा आहे. सामाईक भिंतीत तुळई टेकवायची तर काम सुरू करण्याच्या दोन महिने आधी नोटीस. शेजाऱ्याला १४ दिवस. त्याने लेखी होकार दिला तर प्रश्न मिटला. काहीच उत्तर दिलं नाही तर त्याचा अर्थ होकार नव्हे, मतभेद असा धरतात. मग सर्व्हेयर नेमावे लागतात आणि त्यांचा खर्च साधारणपणे काम करणाऱ्यावर पडतो. दोघांनी मिळून एकच सर्व्हेयर नेमला तर खर्च कमी. शेजारचं घर भाड्याने असेल तर नोटीस मालकाला द्यायची. त्याचं नाव लँड रजिस्ट्रीत मिळतं.

होकार असला तरी काम सुरू होण्यापूर्वी शेजाऱ्याच्या भिंतींचे फोटो काढून ठेवा. जुनी चीर कोणती आणि नवी कोणती यावरून चांगले शेजार तुटतात.

कोकणी_कौल

माझ्या भावाच्या मँचेस्टरच्या घरात लॉफ्टमध्ये सामाईक भिंतच नव्हती! टॉर्च मारला तर तीन घरांपलीकडची ख्रिसमसची खोकी दिसली.

आढं_आणि_वासे

जुन्या रांगांत हे पुष्कळदा सापडतं. भिंत बेडरूमच्या छतापर्यंत आणून सोडलेली असते. एका घरात आग लागली तर वरून सगळ्या रांगेत पसरते. लॉफ्ट करताना ती भिंत वरपर्यंत बांधून घ्यावीच लागते. थेम्सकाठी, दोन्ही बाजूंना विटा दिसतात ना ते पाहा. जुन्या टाकीकडेही बघा, करड्या सिमेंटसारखी असेल तर हात लावू नका. ॲस्बेस्टॉस असू शकतं. १९९९ पर्यंत ते या देशात वापरात होतं. आणि वटवाघळं असतील तर कामच थांबतं, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

एडिंबरा_गारठा

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांनी वरचे आकडे वापरू नयेत. इथले नियम निराळे, आणि काम सुरू करण्याआधी बिल्डिंग वॉरंट (बांधकामाची परवानगी) लागतं.

ज्येष्ठा

मी वॉल्थमस्टोला वरच्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये राहते, लॉफ्ट माझ्याच डोक्यावर आहे. मला हे करता येईल का?

ईस्टहॅमवासी

ज्येष्ठाताई, ४० घनमीटरची मुभा फक्त घरांना, फ्लॅटला नाही. प्लॅनिंगचा पूर्ण अर्ज करावा लागेल. त्याआधी लीज वाचा. लॉफ्ट फ्रीहोल्डरच्या (इमारतीच्या मूळ मालकाच्या) मालकीचा असू शकतो, तुमच्या डोक्यावर असला तरी.

लेस्टरची_मावशी

थेम्सकाठी, सगळे मोजमापात गुंतलेत, मी मूळ प्रश्नाकडे येते. खोली आई-बाबांसाठी हवी आहे ना? त्यांचं वय काय? गुडघे कसे आहेत? रात्री दोनदा उठावं लागतं का? वरच्या खोलीत बाथरूम असली तरी सकाळचा चहा, देवपूजा, दुपारची झोप, एवढ्यासाठी दोन जिने दिवसातून चार वेळा होतात. आणि तुमचा वरचा जिना उभाच असणार. माझी सासू पहिल्या वर्षी चढली, दुसऱ्या वर्षी वर जायचं म्हटलं की कठड्याला धरून थांबायची. आम्ही तिला वर पाठवलं याचं मला फार वाईट वाटतं.

थेम्सकाठी

मावशी, बाबांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. तुम्ही विचारेपर्यंत मी हा विचारच केला नव्हता. खोली त्यांच्यासाठी म्हणून इतका खर्च करतोय आणि ती त्यांनाच चढता आली नसती. बायकोशी बोललो. वर आम्ही दोघं जाऊ. पुढची खोली आई-बाबांची, ते नसतील तेव्हा मुलीची. मागची मुलांची.

रानजाई

हे छान ठरवलंत. आणि जमलं तर तळमजल्यावर जिन्याखाली टॉयलेट बसवा, प्लंबर आलेलाच असतो.

थेम्सकाठी

पाच आठवड्यांनी परत येतोय.

पहिल्या बिल्डरला नाही कळवलं. आधी आर्किटेक्ट आणि इंजिनियर, मग बिल्डर असं ठरवलं. लॉफ्टमध्ये दोन्ही बाजूंना विटांची भिंत पूर्ण वरपर्यंत आहे, टाकी प्लॅस्टिकची निघाली, वटवाघळं नाहीत. बॉयलर बदलून टाकी काढून टाकणार. बेडरूमची छतं १२ सेंटिमीटर खाली आणायची ठरली, म्हणजे वर २.१३ मिळतात. धूळ सोसू. मुलांना त्या महिन्यात सांगलीला पाठवतोय, आईने आंब्याच्या दिवसांतच पाठवा म्हणून बजावलंय.

जिन्यासाठी पुढच्या बेडरूमची ८० सेंटिमीटरची पट्टी जातेय. खोली ४.२ ची ३.४ झाली. पलंग आणि कपाट मांडून पाहिलं, बसतं.

शेजारच्या बाईंनी नोटिशीवर सही केली. एकच म्हणाल्या, सकाळी आठच्या आधी ठोकाठोक नको. दुसऱ्या बाजूचं घर भाड्याचं आहे, मालक लीड्सला असतो. त्याला नोटीस पाठवून अकरा दिवस झाले.

एक जीवाला लागलेली गोष्ट. आमची मूळ चार चौकटींची लाकडी दारं, शंभर वर्षांहून जुनी, आगीच्या नियमामुळे सगळी काढावी लागणार का?

आढं_आणि_वासे

लगेच काढू नका. भक्कम जुन्या दारांच्या पातळ चौकटींना आगरोधक फळी किंवा खास रंग लावून आणि कडेला धूर अडवणाऱ्या पट्ट्या बसवून काही ठिकाणी मान्यता मिळते. बिल्डिंग कंट्रोलला काम सुरू होण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

१२ सेंटिमीटर छत खाली आणलंत तर नवा मजलाही तेवढाच खाली गेला, म्हणजे चढायचं अंतरही तेवढंच कमी होऊन २.७३ मीटर झालं; चढ १३ च राहतील, पण प्रत्येक २१० मिलिमीटरचा, आणि जिन्याची लांबी सुमारे २.८ मीटर होईल. आर्किटेक्टकडून जिन्याचा छेद (बाजूने कापल्यासारखा दाखवणारा नकाशा) आला की इथे टाका. सगळ्यात वरच्या पायरीवर डोक्यावर किती मोकळं उरतं तो आकडा त्यात लिहिलेला हवा.

थेम्सकाठी

गुरुवारी येणार आहे. आला की लगेच टाकतो.